नदीपलीकडच्या खांबाचं अंतर: टॅन कुठे चालतो, साइनचा नियम कुठे लागतो, आणि आलेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीच्या अलीकडच्या काठावर ए आणि बी अशा दोन खुंट्या, मधलं अंतर टेपने ६० मीटर. पलीकडच्या काठावर विजेचा खांब, तो सी. थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) ए वर लावून बी आणि सी मधला कोन ६८ अंश, मग बी वर लावून ए आणि सी मधला कोन ७४ अंश. आता खांबापर्यंतचं अंतर पाहिजे. तुम्ही ६० गुणिले टॅन ६८ केलं, १४८.५ मीटर आलं, पार्टनरने ६० गुणिले टॅन ७४ केलं, त्याचं २०९ मीटर आलं, आणि आता कोणाचं बरोबर यावर तुमचा वाद चाललाय.

दोघांचंही चुकलंय आणि एकाच कारणाने चुकलंय. टॅन म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची बाजू, आणि ही व्याख्या फक्त काटकोन त्रिकोणात चालते. तुम्ही ६० गुणिले टॅन ६८ केलंत तेव्हा बी वर ९० अंश आहेत असं न सांगता धरलंत, पण बी वर तुम्ही स्वतःच ७४ मोजलेत. पार्टनरने ए वर ९० धरले, तिथे ६८ आहेत. तुमच्या त्रिकोणात काटकोन कुठेच नाहीये.

ही गफलत फार मुलांची होते आणि त्याचं मूळ दहावीच्या उंची आणि अंतराच्या गणितांत आहे असं मला वाटतं. तिथे इमारत, झाड, दीपगृह जे काही असेल ते जमिनीवर सरळ उभं असतं, म्हणजे काटकोन आपल्याला फुकट मिळालेला असतो, आपण तो कधी मोजलेलाच नसतो, म्हणून कोन दिसला की टॅन लावायचा ही सवय लागते. आडव्या जमिनीवर, नदीच्या काठावर, तो काटकोन कोणी आणून देत नाही. एकतर तुम्ही तो स्वतः लावायचा, नाहीतर काटकोनाशिवाय चालणारा नियम वापरायचा.

तो नियम म्हणजे साइनचा नियम, बारावीला असतो आणि डिप्लोमाच्या मॅथ्समध्ये पण येऊन जातो. कुठल्याही त्रिकोणात एक बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन, हा आकडा तिन्ही बाजूंसाठी सारखाच येतो. बस, एवढंच. तुम्हाला एक बाजू माहितीये ६० मीटर, पण तिच्या समोरचा कोन खांबावर आहे जिथे तुम्ही गेलेलाच नाही. जायची गरजही नाही, तिन्ही कोनांची बेरीज १८० म्हणजे सी चा कोन १८० वजा ६८ वजा ७४, बरोबर ३८ अंश.

आता ६० भागिले साइन ३८. साइन ३८ म्हणजे ०.६१५६६, भागाकार ९७.४५६. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं याच्यावर चालतं. ए पासून खांब म्हणजे बाजू ए-सी, तिच्या समोरचा कोन बी चा, म्हणून ९७.४५६ गुणिले साइन ७४, उत्तर ९३.६८ मीटर. बी पासून खांब म्हणजे बी-सी, समोरचा कोन ए चा, ९७.४५६ गुणिले साइन ६८, उत्तर ९०.३६ मीटर. इथे पोरं हमखास उलटं करतात, ए-सी ला ए चा कोन लावून टाकतात. तपासायचं सोपं आहे, मोठ्या कोनासमोर मोठी बाजू असलीच पाहिजे. बी चा कोन मोठा, म्हणून ए-सी मोठी. उलटं आलं तर कोन अदलाबदल झालेत.

पण थांबा, तुम्हाला नक्की कुठलं अंतर पाहिजे? तुम्ही नुसतं खांबाचं अंतर असं लिहिलंय. ए पासूनचं, बी पासूनचं, की ए-बी रेषेपासून सरळ समोरचं? नदीची रुंदी काढायची असेल तर सरळ समोरचं, म्हणजे सी वरून ए-बी वर टाकलेला लंब. आणि इथे काटकोन परत येतो, कारण लंब टाकला की एका त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण झाले. ए-सी आता कर्ण आहे, म्हणून लंब म्हणजे ९३.६८ गुणिले साइन ६८, ८६.८६ मीटर. दुसऱ्या बाजूने करून बघा, ९०.३६ गुणिले साइन ७४, तेच येतं. लंबाचा पाया ए पासून ९३.६८ गुणिले कोसाइन ६८ म्हणजे ३५.०९ मीटरवर पडतो आणि बी पासून २४.९१ वर, बेरीज ६० झाली, म्हणजे आकडेमोडीत चूक नाही. मी हे दोन्हीकडून केल्याशिवाय आकडा कोणाला देत नाही, मिनिटभराचं काम असतं.

फक्त लंबच पाहिजे असेल तर मधल्या बाजू न काढता पण येतो. पाया (म्हणजे ए-बी, ६० मीटर) भागिले दोन्ही कोनांच्या कोटॅनची, म्हणजे १ भागिले टॅनची, बेरीज. कोट ६८ म्हणजे ०.४०४०३, कोट ७४ म्हणजे ०.२८६७५, बेरीज ०.६९०७८, आणि ६० ला त्याने भागलं की ८६.८६. तुम्हाला टॅनच वापरायचा होता ना, तर त्याची खरी जागा ही, दोन्ही कोन एकत्र घेऊन.

अजून एक, ही खांबापर्यंतची लांबी झाली, नदीची रुंदी नाही. खांब पाण्यापासून किती आत आहे आणि तुमच्या खुंट्या पाण्यापासून किती मागे आहेत ते वजा करावं लागेल, आणि ए-बी रेष नदीच्या प्रवाहाला समांतर नसेल तर हा लंब तिरका पडतो, मग तिला रुंदी म्हणता येणार नाही.

हे झालं गणित. आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसलो ते. ८६.८६ मधले शेवटचे दोन आकडे खरे आहेत का? तुमचे कोन ६८ आणि ७४ असे पूर्ण अंशात आहेत. २० सेकंद (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वाचणाऱ्या थिओडोलाइटवर दोन्ही कोन असे गोल येणं जवळपास अशक्य आहे, म्हणजे कोणीतरी फील्डबुकातले मिनिटं-सेकंद गाळून टाकलेत. ते गाळल्याने काय होतं बघा. बी चा कोन ७४ ऐवजी ७५ असता तर सी चा ३७ झाला असता आणि लंब ८९.२९ मीटर आला असता. एका अंशाला जवळजवळ अडीच मीटर! दोन्ही कोन जवळच्या पूर्ण अंशात बसवले असतील आणि दोन्ही अर्धा-अर्धा अंश एकाच बाजूला सरकले असतील तरी अडीच मीटर गेलेच. मग उत्तरात सेंटीमीटर लिहून काय उपयोग. तेच कोन २० सेकंदांपर्यंत बरोबर असतील तर एका कोनाच्या चुकीने फक्त सव्वा ते दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. म्हणून आधी फील्डबुक उघडा आणि मूळ रीडिंग घ्या.

दुसरी गोष्ट पायाची लांबी. तुम्ही ६० मीटर घेतलेत ते चांगलं केलंत. खूप जण आळसाने दहा मीटरच्या अंतरावर दोन खुंट्या मारतात, कारण काठावर काटेरी बाभळी असतात आणि तेवढीच जागा मोकळी असते. समजा खांब तोच, ८६.८६ मीटरवर, आणि पाया १० मीटर, खांब बरोबर मध्यासमोर. मग ए आणि बी चे कोन ८६.७ अंशांच्या आसपास आणि सी चा कोन जेमतेम साडेसहा अंश. आता एका कोनात १ अंशाची चूक करा, उत्तर ८६.८६ चं १०२ च्या पुढे जातं. पंधरा मीटरपेक्षा जास्त चूक, आणि सूत्र तेच, कॅल्क्युलेटर तोच. कारण आपण साइन सी ने भागतोय, आणि सी लहान असला की थोड्याशा फरकाने भागाकार भलताच बदलतो. सूत्राने तुम्हाला उत्तर मिळतं, पण ते कितपत खरं हे त्रिकोणाच्या आकारावर ठरतं. सर्व्हेत म्हणूनच नियम आहे की त्रिकोणाचा कुठलाही कोन ३० च्या खाली आणि १२० च्या वर नको. सगळ्यात चांगला आकार समद्विभुज, पायाचे कोन ५६ अंश १४ मिनिटं, असं पुस्तकात मिळेल, साईटवर आम्ही साधारण समभुजच्या जवळ जायचा प्रयत्न करतो. तुमचे ६८, ७४, ३८ या नियमात बसतात. शक्य असतं तर मी पाया ८० ते १०० मीटरचा घेतला असता.

पायाचं माप पण बघा. काठ उतरता असेल आणि टेप जमिनीलगत ताणली असेल तर ६० हे तिरकं अंतर झालं. ५ अंशांचा उतार असेल तर आडवं अंतर ६० गुणिले कोसाइन ५, म्हणजे ५९.७७, २३ सेंटीमीटर कमी. आणि पाया ज्या प्रमाणात चुकतो त्याच प्रमाणात सगळ्या बाजू चुकतात, इथे लंबात ३३ सेंटीमीटर. थिओडोलाइट आडवा कोनच वाचतो त्यामुळे कोनांना उताराचा त्रास नाही, त्रास टेपचा. छोटे छोटे टप्पे करून, टेप लेव्हलमध्ये धरून, ओळंबा सोडून मोजा.

आणि सेंटरिंग, म्हणजे यंत्र बरोबर खुंटीच्या खिळ्यावर आणणं. पोरं बबल आणायला पाच मिनिटं घालवतात आणि ट्रायपॉड खुंटीवरच्या खिळ्यापासून सेंटीमीटरभर बाजूला असतो. ६० मीटरच्या नजरेला १ सेंटीमीटर आडवं सरकणं म्हणजे ३४ सेकंद, म्हणजे तुमच्या यंत्राच्या लीस्ट काउंटपेक्षा (ते वाचू शकतं त्या सगळ्यात लहान मापापेक्षा) जास्त. तसंच खांब कलता असू शकतो, म्हणून दोन्ही ठिकाणांहून त्याच्या बुडाला, एकाच उंचीवर बायसेक्ट करा, म्हणजे दुर्बिणीची उभी रेघ त्याच्या मधोमध आणा. फेस लेफ्ट आणि फेस राइट (दुर्बीण उलटी करून दुसऱ्यांदा) दोन्ही घ्या आणि सरासरी काढा, हे परीक्षेसाठी नसतं, यंत्राची स्वतःची चूक त्याने निघून जाते.

हे एवढं सांगायचं कारण, हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरून अख्ख्या देशाचं माप घेतलंय. १८०२ च्या एप्रिलमध्ये सर्व्हेअर विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या बाजूला साधारण साडेसात मैलांचा एक पाया साखळीने मोजला, त्यालाच ५७ दिवस लागले. त्यानंतर बहुतेक कामाला साखळी नाहीच, फक्त कोन. एका त्रिकोणाची काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया, तिची काढलेली बाजू त्याच्या पुढच्याचा, असं करत करत दक्षिणेतून थेट हिमालयापर्यंत. त्यांचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता, १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो आपटला आणि लॅम्बटननी तो स्वतः बसून दुरुस्त केला. काम चालू असतानाच १८२३ मध्ये ते आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथेच आहे. सर्व्हे शिकणाऱ्या मराठी मुलांना हे शाळा-कॉलेजात कोणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, विदर्भात गेलात तर जाऊन या. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्ट आणि मग अँड्र्यू वॉ यांच्याकडे गेलं, आणि १८५२ च्या सुमाराला सर्व्हेतले गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून पीक १५ (आजचं माउंट एव्हरेस्ट) हे सगळ्यात उंच शिखर निघालं, २९,००२ फूट. ते शिखर शंभर मैलांहून जास्त लांबून, सपाटीवरून बघितलेलं होतं. कोणी पायथ्याला गेलेलं नव्हतं.

त्या लोकांकडून घ्यायची गोष्ट म्हणजे पडताळा. त्रिकोणांच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला ते परत एक पाया जमिनीवर प्रत्यक्ष मोजायचे, आणि त्रिकोणांतून काढलेली लांबी आणि मोजलेली लांबी जुळते का बघायचे. शक्य तिथे तिन्ही कोन मोजायचे, तिसरा वजाबाकीने काढायचा नाही, म्हणजे बेरीज १८० येते का ते कळतं. त्यांच्या मोठ्या त्रिकोणांत तर बेरीज १८० पेक्षा थोडी जास्तच यायची, कारण पृथ्वी गोल आहे, साधारण दर २०० चौरस किलोमीटरला १ सेकंद. तुमच्या नदीकाठच्या त्रिकोणात त्याचा विचार करायची काही गरज नाही.

आता दुसरी केस, कारण पुढच्या प्रॅक्टिकलला तीच येईल. मध्ये तळं किंवा इमारत आहे, दोन्ही टोकांपर्यंत जाता येतं पण सरळ मोजता येत नाही. मग दोन्ही टोकं दिसतील अशा जागी उभं राहायचं, दोन्ही अंतरं मोजायची आणि मधला कोन मोजायचा. समजा १२० मीटर, ९५ मीटर आणि कोन ५२ अंश. इथे साइनचा नियम सुरूच होत नाही, कारण कुठल्याच बाजूची आणि तिच्या समोरच्या कोनाची जोडी आपल्याकडे नाही. कोसाइनचा नियम घ्या: १२० चा वर्ग अधिक ९५ चा वर्ग, वजा २ गुणिले १२० गुणिले ९५ गुणिले कोसाइन ५२. म्हणजे २३,४२५ वजा १४,०३७, राहिले ९,३८८, वर्गमूळ ९६.८९ मीटर. टोटल स्टेशनमध्ये (कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात) मिसिंग लाइन म्हणून जो प्रोग्राम असतो तो आतून याच जातीचं गणित करतो, दोन प्रिझमवर नेम धरला की त्यांच्यातलं अंतर दाखवतो.

नियम निवडायचा कसा हे त्यामुळे सोपं आहे. बाजू आणि तिच्या समोरचा कोन अशी एक जोडी हातात आहे किंवा १८० मधून वजा करून मिळते का? मिळत असेल तर साइन. दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन, किंवा तिन्ही बाजू असतील तर कोसाइन. काटकोन खरोखर लावलेला असेल तरच टॅन.

एक केस मात्र टाळाच, दोन बाजू आणि मधला नसलेला कोन. उदाहरणार्थ ए चा कोन ४०, ए-सी १०० मीटर, बी-सी ७५ मीटर. साइनच्या नियमाने बी चा साइन ०.८५७ येतो, कॅल्क्युलेटर म्हणतो ५९ अंश, पण १२१ अंशाचा साइन पण तोच आहे. पहिला धरला तर ए-बी ११५.२५ मीटर, दुसरा धरला तर ३७.९६ मीटर, आणि दोन्ही त्रिकोण खरोखर काढता येतात. कागदावरून कुठला खरा ते ठरवता येत नाही, साईटवर जाऊन बघावं लागतं. त्यापेक्षा मोजतानाच मधला कोन घ्या.

कॅल्क्युलेटरचं पटकन सांगतो. साइन ६८ ऋण आला, उणे ०.८९८ असं काही, तर मशीन रेडियनमध्ये आहे, डिग्रीवर आणा. एक्सेल कायम रेडियनच धरतं, तिथे आधी रेडियन्स फंक्शनमधून कोन फिरवून घ्यावा लागतो. आणि ६८ अंश ३० मिनिटं म्हणजे ६८.५, ६८.३० नाही, ही चूक मी चांगल्या अनुभवी लोकांना करताना बघितलीय आणि ती सहजासहजी सापडत नाही कारण उत्तर बरोबर असल्यासारखंच दिसतं.

यंत्र नसेल तर काय, असं पण तुम्ही शेवटी विचारलंय. तेव्हा काटकोन स्वतः लावा. खांबाच्या समोर काठावर खुंटी मारा, टेपने ३-४-५ चा त्रिकोण करून (मी ६, ८, १० मीटर घेतो, जरा अचूक येतं) खांबाच्या नजरेला ९० अंशात एक रेषा काढा, आणि त्या रेषेवर चालत जा जोपर्यंत खांब आणि पहिली खुंटी यांच्यातला कोन ४५ होत नाही. ४५ साठी पुठ्ठ्याचा चौकोन कर्णावर दुमडला तरी चालतो. टॅन ४५ म्हणजे १, त्यामुळे जेवढे चाललात तेवढंच खांबापर्यंतचं अंतर. पाइप किंवा केबल किती लागेल याच्या अंदाजाला हे पुरतं, पुलाच्या खांबांची जागा ठरवायला नाही.

तर आता तुमच्या कामाचं. टोटल स्टेशन मिळालं तर लेझरने थेट खांबावर मारून अंतर घ्या आणि ८६.८६ शी नाही तर ९३.६८ शी ताडून बघा, कारण ए वरून मशीन ए-सी दाखवणार, लंब नाही. नाही मिळालं तर ए-बी रेष बी च्या पुढे ३० मीटर वाढवून तिसरी खुंटी डी मारा, थिओडोलाइट तिथे लावा आणि ए आणि खांब यांच्यातला कोन वाचा. तुमचं आधीचं सगळं बरोबर असेल तर तो ५७ अंश ४२ मिनिटांच्या आसपास आलाच पाहिजे. फील्डबुकात मिनिटं-सेकंद सापडले की आधी ती घालून हा अपेक्षित कोन परत काढा, मगच जुळवा. एका मिनिटाच्या फरकाला लंबात, चूक बी च्या कोनात असेल तर साधारण साडेतीन सेंटीमीटर आणि ए च्या कोनात असेल तर दहा सेंटीमीटर धरा. एक-दोन मिनिटांच्या आत आला तर उत्तर लिहून रिपोर्ट द्या, त्याहून जास्त असेल तर बी वरचं सेंटरिंग आणि टेपचा उतार या दोन गोष्टी आधी बघा.